दोन जिवांची

आमच्या वाड्यात कोणी बाळंत झाले, की पहिली बातमी नळावर पोचायची. सदाशिव पेठेतला तो वाडा. सात बिऱ्हाडे, एक नळ, आणि एका घरातले खोकणे दुसऱ्या घरात ऐकू जाईल अशा भिंती. १९८६ साली माझी आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली, तेव्हा मी सात वर्षांची होते. मधल्या खोलीत बाज पडली, बाजेखाली शेगडी सरकली, ओवा आणि बाळंतशेपांच्या धुरीने घर भरून गेले आणि आम्हां मुलांना अंगणात ओरडायची बंदी झाली.

मग एकेक बिऱ्हाड आपापल्या वाटणीचे काम उचलू लागले. वरच्या मजल्यावरच्या आजी अळिवाची खीर पाठवीत. जिन्याखालच्या मास्तरीणबाई दुपट्यांची बादली आपणहून नळावर नेत. समोरचे काका सायकलीवर टांग टाकून तेल लावणाऱ्या बाईंना निरोप देऊन येत. कोणी कोणाला बोलावले नव्हते आणि कोणी कोणाचे आभारही मानले नाहीत. आज त्यांच्याकडचे तूप आमच्याकडे, उद्या आमच्याकडचा डिंक त्यांच्याकडे, असा तो हिशेब होता, आणि तो कधीच कोणी लिहून ठेवला नाही.

वाड्यांच्या आठवणींनी हळहळणारे लेख आपण दिवाळी अंकांत पुष्कळ वाचतो. मलाही तसा एक सहज लिहिता येईल. पण त्याच खोलीतल्या आणखी काही गोष्टी मला आठवतात. आत्याला तहान लागली, तरी पाणी मोजून मिळे; जास्त प्यायले तर म्हणे पोट सुटते! पहिला चीक काढून टाकला आणि बाळाला मधाचे बोट चाटवले. तो चीक म्हणजे बाळाचे पहिले संरक्षण, जन्मानंतरच्या पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, हे आज कोणतेही डॉक्टर सांगतात. तेव्हा सांगणाऱ्या आजीला ते ठाऊक नव्हते आणि विचारायची आत्याला सोय नव्हती. शिवाय आत्याला मुलगी झाली होती. त्या दिवशी नळावर बातमी पोचली, पण जरा हलक्या आवाजात.

वाड्याची माया खोटी नव्हती. पण ती मिळायला बाई सवाष्ण असावी लागे, तिला माहेर असावे लागे, आणि तिने उलट प्रश्न विचारू नयेत अशी अपेक्षा असे. ज्या बाईला यातले काही नव्हते, तिचे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर याच पुण्यात पूर्वीच देऊन झाले आहे. १८५६ साली कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची वाट मोकळी केली. समाजाने केली नाही. दिवस राहिलेल्या विधवेपुढे स्वतःचा जीव देणे किंवा पोटच्या गोळ्याचा घेणे, एवढेच उरे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि अशा बायकांनी येथे येऊन गुप्तपणे, सुखरूप बाळंत व्हावे, असे जाहीर केले. सावित्रीबाई त्यांची आणि त्यांच्या मुलांची शुश्रूषा करीत. १८७४ साली तिथे एका विधवेला झालेला मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. शेजाराने बाळंतिणीला आधार देण्याचा महाराष्ट्राचा इतिहास कोणी लिहिला, तर पहिले पान या घराला द्यावे, असे मला वाटते.

मी मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांपाशी रेंगाळायची खोड आहे. ‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ या शब्दापासून आला. ‘डोहाळे’ या शब्दाचे मूळ त्याहून सुंदर आहे. गर्भ चार महिन्यांचा झाला की त्याचे हृदय जागे होते, म्हणून सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदये असलेली, ‘दौहृदिनी’ म्हटले आहे. तिच्या इच्छा म्हणजे दोन हृदयांच्या इच्छा. आपण मराठीत सरळ म्हणतो, ती दोन जिवांची आहे. नऊ महिने आपण तिचे दोन जीव मोजतो. डोहाळजेवण करतो, झोपाळ्यावर बसवतो, ओटी भरतो. आणि बाळ जन्मले की काय होते कोण जाणे, आपली मोजणी चुकते. त्या दिवसापासून एकच जीव मोजला जातो, आणि तो आईचा नसतो.

हे मला पुस्तकातून नव्हे, तळमजल्यावरच्या काकूंमुळे कळले. २००८ साली माझी मुलगी जन्मली, तेव्हा मी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहत होते. आई आदल्याच वर्षी गेली होती. सासूबाई सोलापूरला, गुडघ्यांनी अधू. मातृगृहातली माताच नसली, की माहेर नुसते घर उरते. दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या काकू. जिन्यात भेटलो तर हसण्यापुरती आमची ओळख. हातात मऊभात, मेतकूट आणि तुपाची वाटी.

“बाळ झोपलंय,” मी म्हटले.

“झोपू दे. मी तुला बघायला आलेय. आंघोळ झाली का तुझी?”

मला रडू फुटले. आंघोळ झाली नव्हती. बाळ रडेल या धास्तीने मी दोन दिवस न्हाणीघराचे दार लावले नव्हते. काकूंनी बाळ मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, “जा. सावकाश ये. केस धू.” चाळीस दिवस त्या रोज अकराला आल्या. मी विचारल्याशिवाय त्यांनी एकही सल्ला दिला नाही. पाणी मात्र तांब्याभर समोर ठेवीत. त्यांचे वय तेव्हा साठीच्या पुढे होते, म्हणजे माझ्या आत्याच्या बाजेभोवती वावरणाऱ्या पिढीतल्याच त्या. पण काय घ्यावे आणि काय टाकावे, हे त्यांनी ज्याचे त्याने ठरवले होते.

इतके मिळाल्यावर मी शहाणी व्हायला हवे होते. झाले नाही.

२०१८ च्या जुलैमध्ये आमच्या तिसऱ्या मजल्यावर एका जोडप्याला मुलगा झाला. मुलगी नांदेडची. तिची आई अर्धांगाने अंथरुणावर. सासू पंधरा दिवस राहून गेली. नवरा हिंजवडीला रात्रपाळीत. बारशाला आम्ही सगळे गेलो. मी झबले-टोपडे नेले. बाळ कोणावर गेले आहे यावर अर्धा तास एकमत झाले नाही. त्या अर्ध्या तासात त्या मुलीने एका खांद्यावर बाळ घेऊन अकरा माणसांचा चहा केला, आणि आम्ही तो प्यालो. “किती नशीबवान आहेस,” असे कोणीसे म्हणाले. बहुधा मीच.

पुढे ती खाली दिसेनाशी झाली. बाळंतीण म्हणजे घरातच असायची, असे मी धरून चालले. जिन्यात एकदा भेटली तेव्हा डोळे खोल गेलेले दिसले. “झोप होत नाही वाटतं? होतं असं,” म्हणून मी लिफ्टमध्ये शिरले. मला तासाला जायचे होते.

ऑगस्टमध्ये एका पहाटे साडेचारला बेल वाजली. तिचा नवरा, अंगात कंपनीचा सदरा, खांद्यावर रडणारे बाळ. “मॅडम, ही घरात नाहीये.” आम्ही वर धावलो. गच्चीच्या जिन्यात, बंद दाराला टेकून ती बसली होती. दाराला कुलूप होते. पावसाळ्यात गच्चीला कुलूप लावायचा ठराव सोसायटीच्या सभेत आला, तेव्हा कपडे वाळत घालायची पंचाईत होते म्हणून त्याविरुद्ध सर्वांत जास्त मीच भांडले होते. त्या पहाटे मी पहिल्यांदा त्या कुलपाकडे नीट पाहिले.

ती एवढेच म्हणाली, “बाळाला माझ्याजवळ ठेवू नका. मला जमत नाही.”

सकाळी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जे सांगितले ते येथे सांगते, कारण ते प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत उगाच रडू येणे, हळवे होणे, हे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरते. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, कशात मन लागेना, बाळाविषयी माया वाटत नाही म्हणून स्वतःचाच राग येऊ लागला, तर तो आजार असतो. तो नाटकीपणा नव्हे, आळस नव्हे आणि दृष्ट तर नव्हेच. जीव द्यावा किंवा बाळाचे काही बरेवाईट करावे असा विचार मनात डोकावला, तर एक दिवसही थांबू नये आणि त्या बाईला क्षणभरही एकटे सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत बाळंतपणानंतर सुमारे पाचांपैकी एकीला मानसिक आजाराला, बहुतेक करून अशा औदासीन्याला, तोंड द्यावे लागते. पाचांपैकी एक! म्हणजे आपण प्रत्येकाने अशी एक बाई पाहिली आहे आणि तिच्या हातचा चहा पिऊन परत आलो आहोत. उपचारांनी हा आजार बरा होतो. आता तर सरकारने २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, मराठीतूनही.

या प्रकारानंतर आठवड्याभरात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी भांडी घासता घासता मला एक प्रश्न विचारला. त्यांची सूनही त्याच सुमारास बाळंत झाली होती.

“ताई, आमच्या वस्तीत आशाताई येती. तिसऱ्या दिवशी आली, सातव्या दिवशी आली, चौदाव्या दिवशी आली. पिशवीतून काटा काढून बाळाचं वजन करती, ताप बघती, सुनेला विचारती काय खाल्लंस, रडू येतं का. तुमच्या बिल्डिंगमध्ये कोण येतं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कोणी येत नाही. आमच्याकडे येतात ते पाहुणे.

मावशींच्या वस्तीत येणारी ती आशाताई कुठून आली, हे मी मग मुद्दाम वाचून काढले. तिच्यामागे मोठी परंपरा आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातच घडली आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला काम सुरू केले आणि खेड्यांतल्या साध्या, पुष्कळदा निरक्षर बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. गावातली बाई गावातल्या बाळंतिणीकडे जाऊ लागली. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत जे केले, ते जगाने पाहिले. दवाखाना लांब, रस्ते नाहीत, आणि बाळे तर पहिल्या महिन्यातच दगावतात. मग दवाखानाच बाळाच्या घरी का नेऊ नये? गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका त्यांनी ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केल्या. ती बाई गरोदरपणातच घरी जाऊ लागे, बाळंतपणाला हजर राही, नंतरही पुनःपुन्हा येई. वजन घेई, बाळ उबेत ठेवायला शिकवी, अंगावर पाजायला मदत करी, बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ओळखून इंजेक्शनही देई. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

देशात आशा कार्यकर्त्यांची योजना २००५ साली आली आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या देशातल्या आशांचा गौरव केला. सरकारदरबारी त्या ‘स्वयंसेविका’ आहेत. पगार नव्हे, कामागणिक मोबदला. गौरवाने घर चालत नाही, हे त्यांच्या मोर्चांनी आपल्याला वेळोवेळी ऐकवले आहे.

पण मला त्या आकड्यांहून अधिक भिडला तो त्यातला साधा नेम. तिसरा, सातवा, चौदावा. बाळंतिणीने हाक मारायची वाट पाहायची नाही. ती हाक मारणार नाही, हे गृहीत धरूनच जायचे. वाड्यात हेच होते, फक्त त्याला वेळापत्रक नव्हते. आम्ही फ्लॅटमध्ये आलो, दारे लावून घेतली आणि ‘काही लागलं तर सांग हं’ हे वाक्य शिकलो. ज्याला खरोखर काही लागते, तो ते सांगण्याच्या स्थितीत नसतो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीच्या सभेत मी एक वही घेऊन गेले. गच्चीच्या कुलपावर भांडणारी बाई आता काय काढते, म्हणून मंडळी जरा सावध झाली. वहीत फार काही नव्हते. इमारतीत कोणाला दिवस गेले आणि तिची इच्छा असली, तर तिचे पान उघडायचे. बाळ घरी आले की बेचाळीस दिवस रोज एका घराची पाळी. जाण्याआधी फोन करायचा. शिजवलेले अन्न न्यायचे, रिकामा डबा धुऊन मागायचा नाही. चहा घ्यायचा नाही. तासभर बाळ सांभाळायचे आणि तिला झोपू द्यायचे. विचारल्याशिवाय सल्ला नाही. मुलगा की मुलगी यावर एक अक्षर नाही. आणि प्रत्येकाने तिला निदान एक प्रश्न तिच्याविषयी विचारायचा.

“आणि पुरुषांनी काय करायचं?” एका निवृत्त गृहस्थांनी विचारले. त्यांना वाटले सुटलो. त्यांच्याकडे लसीकरणाला गाडीने नेण्याचे काम आले. आज त्यांना दीड महिन्याची, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची लस कोणती, हे माझ्यापेक्षा चांगले पाठ आहे. बाळाच्या बापांनाही आम्ही पान दिले. रात्री बाळ घेऊन कोणी फिरायचे, हे ते पान पाहिल्यावर कळते.

एक कलम मावशींमुळे वाढले. मुंबई विधिमंडळात १९२८ साली कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले होते. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ साली देशासाठी कायदा झाला आणि २०१७ साली पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. त्या रजेचा लाभ माझ्यासारख्या नोकरदार बायकांना. मावशींची सून चार घरची धुणीभांडी करते. बाळंतपणात तिची चारही कामे गेली, आणि त्यांतले एक घर आमच्याच इमारतीतले होते. तेव्हा वहीत लिहिले गेले, की आपल्याकडे काम करणारी बाई बाळंत झाली तर तिचे काम जाणार नाही आणि तिला तीन महिने पूर्ण पगार मिळेल. यावर वाद झाला. तीन घरांनी सही केली नाही. दोघांनी पुढच्या वर्षी केली.

२०२० च्या मे महिन्यात वहीची खरी परीक्षा झाली. टाळेबंदीत पहिल्या मजल्यावर मुलगी जन्मली. कोणी कोणाच्या दारात जायचे नाही. मग जिन्याच्या वळणावर एक स्टूल ठेवले. डबा स्टुलावर ठेवायचा, बेल वाजवायची आणि पाच पायऱ्या मागे यायचे. अकराला फोन. कधी अर्धा तास बोलणे होई, कधी पलीकडून नुसते मुसमुसणे ऐकू येई. पण फोन एकही दिवस चुकला नाही.

आमच्या नांदेडच्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. औषधे सुरू झाली. रात्रपाळी बदलून घेतली. दुपारी मी जाऊन बसू लागले. सुरुवातीला ती बोलत नसे. मीही माझे पेपर तपासत असे आणि ती झोपत असे. २०१९ च्या संक्रांतीला तिने मुलाचे बोरन्हाण केले. मुरमुरे, बोरे आणि चॉकलेटे त्याच्या डोक्यावर ओतताना ती मोठ्याने हसली, तेव्हा तिचे हसणे आपण पहिल्यांदा ऐकत आहोत हे माझ्या ध्यानात आले. तिचा मुलगा आता शाळेत जातो. बारशाच्या दिवसाविषयी मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, “चहा मला आठवत नाही हो मॅडम. पण गच्चीचं दार मी दोनदा ओढून पाहिलं होतं, ते आठवतं.”

तळमजल्यावरच्या काकू आता नाहीत. त्यांची तुपाची वाटी परत द्यायची राहून गेली. ती माझ्याकडेच आहे.

या दिवाळीत आमच्या चौथ्या मजल्यावर नऊ दिवसांचे बाळ आहे. तिच्याकडे फराळाचे कोणी काही करायचे नाही असे ठरले. घरटी एकेक जिन्नस जाईल. पहिली पाळी कोणाची, हे विचारायला मी वही उघडली, तर पान आधीच भरलेले. नांदेडच्या मुलीने आपले नाव पहिल्या तीनही दिवसांवर लिहून टाकले होते. काल अकराला ती माझ्या दारात आली. हातात मऊभात, मेतकूट.

“मॅडम, तुमच्याकडची ती तुपाची वाटी द्या ना जरा,” ती म्हणाली, “वर न्यायचीय.”